दर दहा लाखांमागे

आमच्या घरात तक्ता केल्याशिवाय एकही निर्णय झाला नाही. वॉशिंग मशीन घ्यायचं, तक्ता. लेकीला कुठल्या किंडरगार्टनमध्ये घालायचं, तक्ता. पुण्याला उन्हाळ्यात जायचं की डिसेंबरात, त्याचाही तक्ता. माझा नवरा स्टुटगार्टजवळच्या एका कारखान्यात क्वालिटी इंजिनियर होता. तिथे गाड्यांचे सुटे भाग बनत, आणि दिवसभर तो एकच हिशेब करायचा: दहा लाख पार्टांमागे खराब किती निघाले. कामावर त्याला पीपीएम म्हणत. घरी आला तरी ते डोक्यातून जायचं नाही. माझी एखादी पोळी करपली तर म्हणायचा, "वर्षाच्या पोळ्या धरल्या तर तुझा पीपीएम अगदीच वाईट नाही हं." मी लाटणं उगारायची, तो हसायचा.

तेव्हा मला त्याचं कौतुकच होतं, खोटं कशाला सांगू. माझ्या माहेरी निर्णय म्हणजे आरडाओरडा, रुसवेफुगवे आणि शेवटी बाबा म्हणतील ते. इथे निदान सगळं कागदावर दिसायचं. डावीकडे एकाखाली एक मुद्दे. प्रत्येक मुद्दा किती महत्त्वाचा, त्याला एक ते पाच असं वजन द्यायचं. मग प्रत्येक पर्यायाला गुण, गुणाकार, बेरीज, आणि ज्याची बेरीज मोठी तो जिंकला. वजनं मी द्यायची, गुण तो भरायचा. "म्हणजे कोणी कोणाला फसवू शकत नाही," असं तो म्हणायचा. हे वाक्य मी विसरलेले नाही.

माझा दादा अमेरिकेत राहतो. उत्तरेकडच्या एका राज्यात, वर्षातले पाच महिने बर्फ. बाबा गेले त्या वर्षी त्याने आईला तिकडे नेलं. आई जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवत आलेली बाई, गल्लीतल्या निम्म्या लोकांना तिने पाढे शिकवलेले. तिथे गेल्यावर फोनवर म्हणायची, "इथे माणूस दिसत नाही गं, नुसत्या गाड्या दिसतात." गुडघे धरलेले, डोळेही अधू झालेले.

आणि योग बघा, नवऱ्याच्या कंपनीने त्याला अमेरिकेतल्या कारखान्यात जायचं का विचारलं, हवं तर कायमचं. तो कारखाना दादाच्या घरापासून गाडीने पाऊण तासावर. दादाने तर ऐकल्या दिवशी समोरचं रिकामं घर बघून ठेवलं. वहिनी फोनवर म्हणाली, "ये गं लवकर, आई रोज खिडकीत बसून ते घर बघतात." मी तर मनाने पोचलेच होते. कुठली खोली आईला दुपारी पडायला द्यायची, हेसुद्धा ठरवून टाकलं होतं.

नवरा म्हणाला, "आल्झो, तर मग, तक्ता करू."

त्या काळात अमेरिकेतल्या शाळांमधल्या गोळीबाराच्या बातम्या टीव्हीवर यायच्या. लेक पहिलीत जायची होती, आणि मी त्या बातम्या बघून चॅनेल बदलायची. नवऱ्याने मुद्दे लिहिले: काम, सुट्ट्या, दवाखाना, शाळा, भाषा, आई, सुरक्षितता. सुरक्षिततेखाली त्याने एक ओळ घातली: सामूहिक गोळीबारात गेलेली माणसं, दर दहा लाख लोकसंख्येमागे. "नुसत्या घटना मोजून चालत नाही," तो म्हणाला. "देश मोठा, तर घटना जास्त होणारच. लोकसंख्येने भागलं तरच तुलना न्यायाची."

मला किती पटलं म्हणून सांगू! मी लग्नाआधी आणि नंतरही पुण्यात सात वर्षं भूगोल शिकवलेला. दर चौरस किलोमीटरला माणसं किती, दर हजारी जन्मदर किती, हे मी पोरांकडून घोकून घेतलेलं. आपला नवरा आपल्याच भाषेत बोलतोय म्हटल्यावर बाईसाहेब खूश.

आकडे इथे देत नाही. ते त्याने कुठून कुठून गोळा केले होते, आणि मी आता त्यांची शपथ घेणार नाही. अमेरिकेचा मोठा होता, जर्मनीचा लहान, एवढं पुरे.

"वजन सांग," तो म्हणाला. सुरक्षिततेला मी पाच दिले. त्यात विचार तो काय करायचा? लेक तिथेच जमिनीवर चित्र रंगवत बसली होती. मग आईची ओळ आली. मी म्हणाले, चार. तो म्हणाला, "बघ हं. दवाखाना चार, शाळा चार, आईही चार. सगळंच महत्त्वाचं म्हटलं तर तक्ता करायचा कशाला?" मी लेकीकडे बघितलं आणि म्हणाले, बरं, तीन. त्याने गुण भरले. बेरीज झाली, आणि जर्मनी जिंकली.

आईला फोनवर सांगताना माझी जीभ अडखळत होती. ती म्हणाली, "अगं, पण आमच्या इथे कुठे काय आहे? शेजारी दाराला कुलूपसुद्धा लावत नाहीत." मी म्हणाले, "आई, तसं बघायचं नसतं. दर दहा लाखांमागे बघायचं असतं." तेवढ्यात दादाने फोन घेतला. "म्हणजे मी माझी पोरं रणांगणात वाढवतोय, असं म्हणायचंय का तुला?" मी म्हणाले, "मी नाही म्हणत दादा, आकडे म्हणतायत." अशी बोलले मी! आजही आठवलं की कानशिलं गरम होतात. दादा चार महिने माझ्याशी बोलला नाही.

आईची तरी समजूत पटावी म्हणून मी तो अख्खा तक्ता मराठीत उतरवला. फुलस्केप कागद, पट्टीने आखलेले रकाने, पाचवीच्या वर्गात फळ्यावर काढायचे तसं टपोरं अक्षर. एकही आकडा इकडचा तिकडे केला नाही, आकड्यात लबाडी नको म्हणून. म्हटलं, मास्तरीण आहे, वाचेल, पटेल. कागद पोस्टाने गेला. पुढच्या फोनवर ती त्याबद्दल एवढंच बोलली, "अक्षर अजून छान आहे तुझं. पोरीला जप."

नंतर वर्षा-दोन वर्षांत जर्मनीतच, पूर्वेकडच्या एका शहरात, शाळेत गोळीबार झाला. मी टीव्हीसमोर उभीच राहिले. नवरा कामावरून आल्या आल्या मी म्हणाले, "अरे, तुझा तो आकडा?" तो बूट काढत होता. अगदी शांतपणे म्हणाला, "ते तिकडे पूर्वेला. आपण दक्षिणेत आहोत. आपलं राज्य वेगळं काढ, मग दर बघ."

मला बरं वाटलं. खरंच सांगते, हायसं वाटलं. म्हणजे जर्मनीत झालं की ते पूर्वेला झालं, आणि अमेरिकेत दोन हजार मैलांवर झालं तरी ते दादाच्या दारात झालं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! आणि मी भूगोलाची बाई. नकाशावर रेघ कुठे ओढायची हे ज्याच्या हातात, दर त्याच्याच हातात, एवढं मला कळायला नको? पण नवऱ्याच्या कागदाकडे कोणी वर्गातल्या पोराच्या वहीसारखं बघत नाही. मी विश्वास टाकला होता त्याच्यावर.

आईकडे जाऊ जाऊ म्हणत एकदाही जाणं झालं नाही. दर वर्षी सुट्टीचा तक्ता व्हायचा आणि दर वर्षी पुणे जिंकायचं, कारण सासूसासरे तिथे. पूर्वेकडच्या त्या गोळीबारानंतर सातव्या वर्षी, जानेवारीत, दादाचा फोन आला की आई आजारी आहे, ये. माझा पासपोर्ट भारतीय, व्हिसा लागणार. फ्रँकफर्टच्या वकिलातीत वेळ मिळाली ती गुरुवारची. आई मंगळवारी गेली. मी गुरुवारी तरीही फ्रँकफर्टला गेले, फाइल घेऊन रांगेत उभी राहिले, आणि खिडकीतल्या बाईने प्रवासाचं कारण विचारलं.

घरी आल्यावर नवऱ्याने पाठीवर हात फिरवला. म्हणाला, "लेक सुरक्षित राहावी, हेच आईंनाही हवं होतं." त्याच खांद्यावर डोकं ठेवून मी रडले.

मग ती सकाळ आली. थंडी ओसरायला लागली होती. आमच्याच एस-बानच्या, म्हणजे लोकलच्या, लाइनवर, काही स्टेशनं पलीकडच्या एका छोट्या गावातल्या शाळेत गोळीबार झाला. गेलेल्या मुलांबद्दल मी काही लिहिणार नाही. ती माझी नव्हती, आणि त्यांच्या आया आहेत. मला माझ्यापुरतं माहीत आहे ते एवढंच की वर हेलिकॉप्टर फिरत होती, लेकीच्या शाळेने मुलांना वर्गातच कोंडून ठेवलं होतं, आणि आम्ही सगळ्या आया फाटकाबाहेर उभ्या होतो. कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. शेजारच्या बाईने माझा हात धरला होता, आणि तिचं नावही मला माहीत नव्हतं.

लेक दुपारी बाहेर आली, दप्तर पोटाशी धरून. तिला मराठी सगळं कळतं, पण किंडरगार्टनपासून उत्तर जर्मनमध्येच. त्या दिवशीही जर्मनमध्येच म्हणाली, "तू म्हणाली होतीस की इथे असं होत नाही. तुम्ही तक्ता केला होता." लहानपणापासून मी तिला ते गोष्टीसारखं सांगत आले होते: तुझ्यासाठी आपण अमेरिकेला गेलो नाही, तुझ्यासाठी मी आजीकडे गेले नाही. आता काय सांगणार, कपाळ? "घरी चल बाळा," एवढंच म्हणाले.

तिने ते सोडलं नाही. बापावर गेलीय, पुरावा हवा. काही आठवड्यांनी एका रविवारी दुपारी म्हणाली, मला तो तक्ता बघायचाय. नवरा खाली केलरमध्ये, तळघरात, हिवाळ्याचे टायर रचत होता. मी कपाटातून जुना लॅपटॉप काढला. फाइल असणार याची मला खात्री होती. क्वालिटीवाल्यांचा तो धर्मच आहे: नोंद पुसायची नाही. दहा वर्षांनी कोणी विचारलं तरी मूळ कागद दाखवता आला पाहिजे. आमच्या वॉशिंग मशीनचा तक्तासुद्धा तिथे होता.

फाइल उघडली. तोपर्यंत मी एका मालवाहतुकीच्या ऑफिसात कामाला लागले होते आणि दिवसभर असलेच तक्ते भरायची. त्यामुळे नजर आपोआप रकान्यांवरच्या अक्षरांकडे गेली. ए, बी, सी, डी, आणि मग एकदम के. लेकही वाकून बघत होती. "ममा, दा फेल्ट वास," ती म्हणाली. काहीतरी गायब आहे. लपवलेले रकाने परत कसे उघडायचे हे मला माहीत होतं. दोन क्लिकचं काम.

उघडले. आत राज्यं होती. दादाचं राज्य, त्याच्या शेजारची दोन, आमचं राज्य, त्याच्या शेजारची दोन, प्रत्येकाची लोकसंख्या, प्रत्येकाचा दर. सगळं नीट, नेटकं, त्याच्या पद्धतीचं. दादाच्या राज्याला पिवळा रंग दिलेला. त्याचा दर आणि आमचा दर यांच्यात फरक म्हणावा असा नव्हताच. आणि खाली दुसरी बेरीज होती. त्या बेरजेत अमेरिका जिंकली होती. आईला तीनच देऊनही!

वर कोपऱ्यात तारीख होती. लपवलेल्या भागाची तारीख आम्ही दोघं तक्ता करायला बसलो त्याच्या पाच दिवसांनंतरची. म्हणजे मी आईला कागद पाठवायच्या आधीची. त्याने स्वतःच परत तपासलं होतं, खरं काय ते शोधून काढलं होतं, मग रकाने मिटून घेतले आणि मला टेबलावर पट्टी घेऊन तो कागद आखताना बघत बसला. "छान आखतेस," असंही म्हणाला होता तो.

तो वर आला तेव्हा हात टायरने काळे झालेले. स्क्रीनकडे बघितलं आणि जागच्या जागी थांबला. लेकीला मी खोलीत जा म्हटलं नाही. ऐकू दे, म्हटलं.

"ते प्रिंटमध्ये बसत नव्हतं," तो म्हणाला.

मी पिवळ्या रंगावर बोट ठेवलं.

"हे बघ, लहान लोकसंख्येवर दर काढला की तो उड्या मारतो. एक घटना झाली की आभाळाला टेकतो, नाही झाली की शून्य. म्हणून अख्खा देश घ्यायचा. हे शास्त्राला धरून आहे."

"मग पूर्वेला झालं तेव्हा अख्खा देश कुठे गेला होता?"

"गेनाऊ," लेक म्हणाली. अगदी बरोबर.

तो खुर्चीत बसला. काळे हात मांडीवर. खाली बघतच म्हणाला, "मला तुझ्या दादाच्या दारात जाऊन राहायचं नव्हतं. घर त्याने बघायचं, शाळा त्याने सांगायची, येता-जाता 'भावोजी, इकडे असं असतं.' जन्मभराचा मिंधेपणा."

"एवढंच?" मी म्हणाले. "हे सांगायला तुला तोंड नव्हतं?"

"तू ऐकलं नसतंस."

हे मला सगळ्यांत झोंबलं. मी ऐकलं असतं! भांडले असते, अबोला धरला असता, दोन दिवस चूल पेटवली नसती, पण ऐकलं असतं. मानी माणूस मला कळतो, माझे बाबा काय वेगळे होते? मग आईलाही मी खरं ते सांगितलं असतं, "त्याला नाही गं यायचं तिकडे." तिला अर्ध्या वाक्यात समजलं असतं. असल्या गोष्टी पोटात घालण्यातच जन्म गेला होता तिचा. त्याऐवजी या माणसाने माझ्या लेकीच्या जिवाची भीती माझ्या हातात दिली, आणि त्या भीतीने माझ्याच हातून माझ्या आईला तीन द्यायला लावले. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. रक्त येत नाही, कळतही नाही.

"पण आपल्याला काही झालं नाही ना शेवटी," तो म्हणाला.

"तूच सांगतोस ना, ज्याच्या गाडीत खराब पार्ट निघतो त्याच्यासाठी तो दहा लाखांत एक नसतो? मग गप्प बस."

 मी उठून दुसऱ्या खोलीत गेले आणि दादाला फोन केला. तिकडे सकाळ होती. मी त्याला सगळं सांगितलं, लपवलेले रकाने, पिवळा रंग, दुसरी बेरीज. मला वाटलं, आता हा फोनवरच फुटणार. रणांगण म्हणाली होतीस ना, म्हणणार. मी त्याची वाटच बघत होते, दोन शिव्या खाल्ल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण तो नुसता हं हं करत होता.

मग म्हणाला, "जाऊ दे आता. झाली ती गोष्ट."

मी विचारलं, "दादा, आईला तो कागद पटला होता का रे?"

तो म्हणाला, "कागद आला तेव्हा तिचा चष्मा सापडत नव्हता. मला म्हणाली, तू वाच. मी तुझ्यावर खार खाऊन होतो, पण वाचला. दवाखाना चार, शाळा चार, सुरक्षितता पाच. मग आईची ओळ आली."

आणि तेव्हा, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, माझ्या डोळ्यांसमोर तो कागद आला. पट्टीने आखलेला रकाना, 'आई' असं लिहिलेलं, आणि त्याच्यापुढे माझ्या टपोऱ्या अक्षरात तीन. ती ओळही मी उतरवली होती. आकड्यात लबाडी नको म्हणून. ज्या बाईने मला आकडे काढायला शिकवले, तिलाच पाठवली होती.

"तू काय वाचलंस, दादा?"

"पाच," दादा म्हणाला. "पाचपैकी पाच, असं म्हणालो. तर माझ्यावरच डाफरली. म्हणाली, बघ, आणि तू माझ्या पोरीवर चिडतोस."

मला हुंदका आला. दादा तिकडून म्हणत होता, अगं रडू नकोस, आनंदातच होती ती, कागद घडी करून उशाखाली ठेवला होता तिने, कोणाला हात लावू द्यायची नाही. मी हो हो म्हणत होते. पण मला तिचा तो पुढचा फोन आठवला होता. अक्षर अजून छान आहे तुझं, म्हणाली होती.

म्हणजे चष्मा सापडला होता.